आयटी सर्व्हिसेस विभाग कंपनीतून वेगळा काढताहेत, नव्या पत्रावर सही करू का?

बोरीकाठ

राम राम मंडळी. चारेक वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय कारण यावेळी प्रश्न पोटापाण्याचा आहे.

मी अमळनेरचा. इंजिनिअरिंग खान्देशातच केलं आणि गेली सहा वर्षं आठ महिने पुण्यात एका मोठ्या परदेशी कंपनीच्या आयटी सर्व्हिसेस आणि आउटसोर्सिंग विभागात आहे. मूळ कंपनी यंत्रं बनवणारी. आमचा विभाग आधी फक्त त्यांचेच सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, हेल्पडेस्क सांभाळायचा, पुढे बाहेरच्या कंपन्यांचंही काम घ्यायला लागला, आता बाहेरचे तीसेक क्लायंट आहेत. मी स्टोरेज आणि बॅकअपमध्ये, एल टू (दुसऱ्या पातळीचा) सपोर्ट. म्हणजे रात्री दोनला बॅकअप फेल झाला की फोन मला येतो.

मागच्या सोमवारी मोठी मीटिंग झाली, दीड तास सगळे गोड बोलले आणि शेवटी कळलं की १ एप्रिलपासून आमचा अख्खा विभाग एका नव्या कंपनीत जाणार. मंगळवारी ईमेलवर पत्र आलं. पंधरा दिवसांत सही करा, नाही केली तर तुम्ही स्वतःहून राजीनामा दिला असं समजू. पगार तोच लिहिलाय. बाकीचं चार ओळीत उरकलंय.

या आठवड्यात घरून काम आहे म्हणून अमळनेरलाच आहे. आप्पांना (वडील, रिटायर्ड शिक्षक) सांगितलं तर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "मंग तुमले इकी टाकं का?" मला उत्तरच देता येईना. खरंच, विकलंय का आम्हाला? दोन वर्षांपूर्वी आप्पांची बायपास झाली ती कंपनीच्या मेडिक्लेमवर, त्यामुळे माझी झोप उडालीये. कोणी यातून गेलंय का? सही करावी, दुसरीकडे बघावं, की दोन्ही?

शेवभाजी_जळगाव

पंधरा दिवस दिलेत ना, मग चौदाव्या दिवसापर्यंत सही करू नको. तोवर सगळे प्रश्न लेखी विचार. सही केल्यावर तुझ्या ईमेलला कोण उत्तर देतंय भो.

तापीकाठ

मी गेलोय यातून, उलट्या बाजूने. २००५ च्या सुमारास मी मुंबईत एका कारखानदार कंपनीच्या स्वतःच्या आयटी खात्यात होतो, चाळीस माणसं. एके दिवशी अख्खं खातं एका सर्व्हिसेस कंपनीला दिलं. शुक्रवारी घरी गेलो, सोमवारी त्याच खुर्चीवर, त्याच मशीनसमोर, त्याच माणसांचे त्याच तक्रारींचे फोन, फक्त गळ्यातला बिल्ला दुसरा. या धंद्यात याला रीबॅजिंग म्हणतात, शब्दशः बिल्ला बदलणं.

हे काही नवीन नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत कोडॅकने आपली डेटा सेंटर्स चालवायला आयबीएमकडे दिली आणि तिथली तीनशेच्या आसपास माणसंही आयबीएममध्ये गेली. एवढी मोठी कंपनी स्वतःचं आयटी दुसऱ्याच्या हातात देते म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली आणि आउटसोर्सिंगला खरा जोर तिथून आला. आपल्याकडे २००४ ला एअरटेलने दहा वर्षांसाठी आयटी आयबीएमला दिलं, तेही त्याच जातीचं.

पहिले सहा महिने काहीच फरक पडला नाही. मग हळूहळू कळलं की आधी मी खर्चाच्या वहीत होतो, आता उत्पन्नाच्या वहीत आलोय. कारखान्यात असताना कोणी विचारायचं नाही की आज किती तास काम केलंस. सर्व्हिसेस कंपनीत प्रत्येक तासाचं बिल फाटतं, तास भरला नाही तर तू बेंचवर, म्हणजे बिनकामाचा बसून. ही गोष्ट मनाने स्वीकारायला मला वर्ष लागलं. पण खोटं कशाला बोलू, मी शिकलो ते त्यानंतरच. कारखान्यात एकच सिस्टिम बघितली असती, इथे चार वर्षांत अकरा क्लायंट बघितले.

तुझ्या बाबतीत मात्र वेगळं आहे. तुझा विभाग आधीपासून बाहेरचं काम करतोय, म्हणजे बिल फाडायची सवय तुम्हाला आहेच.

भुसावळ_जंक्शन

आमच्या गावात हे लहानपणापासून बघितलंय. काही डबे भुसावळपर्यंत एका गाडीला यायचे, इथे कापायचे आणि दुसऱ्या गाडीला जोडायचे. प्रवासी झोपलेला, त्याला धक्का जाणवला तर जाणवला. उठून बघावं तर दोनच गोष्टी बघायच्या, पुढे इंजिन लागलंय का आणि गाडी कुठे चाललीये.

बोरीकाठ, तुमच्या डब्याला इंजिन लागलंय का ते सांग. म्हणजे पुढे काम कोण देणार?

जुना_प्रोग्रामर

भुसावळकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी धुळ्याचा, रिटायर होऊन सात वर्षं झाली, कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेपासून सुरुवात केलेला माणूस आहे, वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या गोंधळाच्या) वेळी तर सलग चौदा महिने तेच केलं. तर थोडा इतिहास सांगतो, बोरीकाठला उपयोगी पडेल.

ईडीएस नावाची कंपनी होती. रॉस पेरो यांनी १९६२ ला काढली. दुसऱ्यांचं कॉम्प्युटरचं काम वर्षानुवर्षाच्या कराराने चालवून द्यायचं हा धंदा ज्यांनी रुजवला त्यात हे नाव सगळ्यात वर. १९८४ ला जनरल मोटर्सने ती विकत घेतली आणि मोटारीच्या कंपनीचं आयटी ईडीएस बघायला लागली. १९९६ ला जीएमने ती पुन्हा वेगळी काढली. म्हणजे बोरीकाठची आजची गोष्ट. पण काढताना दहा वर्षांचा करार करून दिला, की आमचं काम तुम्हीच करायचं. हे झालं इंजिन. ईडीएसच्या माणसाला २००६ पर्यंत तरी काम कुठून येणार हे माहीत होतं.

पुढे २००८ ला एचपीने ईडीएस जवळजवळ १४ अब्ज डॉलरला घेतली. आणि २०१२ ला जीएमने ठरवलं की आता बाहेर काही द्यायचं नाही, आयटी परत घरात आणायचं, आणि एचपीमधल्या जवळपास तीन हजार माणसांना घेतलं, ज्यातले बरेच जीएमचंच काम करत होते. २०१५ ला एचपीचे दोन तुकडे झाले, सर्व्हिसेसचा भाग एचपीईकडे गेला आणि २०१७ ला तो सीएससी या दुसऱ्या आयटी कंपनीबरोबर एकत्र होऊन डीएक्ससी झाला. म्हणजे एखादा माणूस १९८३ ला जीएममध्ये लागला असेल आणि जागेवरून हलला नसेल तरी पाच बिल्ले झाले.

सीमेन्सचंही तसंच. २०११ मध्ये त्यांनी आपला आयटी विभाग फ्रान्सच्या ॲटॉसला दिला आणि सोबत सात वर्षांचं साधारण साडेपाच अब्ज युरोचं काम बांधून दिलं. विभाग देताना काम बांधून देतात, कारण नुसती माणसं घेऊन समोरचा काय करेल?

तर पहिला प्रश्न हा विचार: मूळ कंपनीने नव्या कंपनीला किती वर्षांचं काम लिहून दिलंय आणि त्यात दरवर्षी कमीत कमी किती रकमेचं काम देऊच असा आकडा आहे का. आकडा नसेल तर नुसत्या वर्षांना काही अर्थ नाही.

बोरीकाठ

काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मीटिंगमध्ये "लाँग टर्म पार्टनरशिप" एवढंच म्हणाले. उद्याच विचारतो.

चोपडेकर

अमळनेरच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटतंय. अरे बाबा तुमच्या गावात १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, त्याचीच पुढे विप्रो झाली. १९६६ ला वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धं टाकून २१ व्या वर्षी आले आणि तेल-साबण विकणारी कंपनी हातात घेतली. १९७८ ला आयबीएम भारतातून गेली, जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उडी घेतली. त्यावेळी कोणी म्हटलं असतं की तुपाच्या कंपनीचा कॉम्प्युटर विभाग, तो काय टिकणार? तोच मोठा झाला आणि २०१३ ला उलटं झालं, तेल-साबण-दिवे वेगळे काढले आणि मूळ नावाची कंपनी निव्वळ आयटीची राहिली.

टीसीएस पण टाटा सन्सचा एक विभागच होता, १९६८ चा. २००४ ला शेअर बाजारात आली आणि आज टाटांच्या घरात सगळ्यात कमावता पोरगा तोच. विभाग वेगळा निघाला म्हणजे सावत्र झाला असं धरू नको. अमळनेरच्या ज्या लोकांनी विप्रोचे शेअर धरून ठेवले त्यांचं सोनं झालं, ज्यांनी घाई केली त्यांच्या घरात अजून तोच विषय निघतो. धरून राहा. सही कर आणि शांत राहा.

कळण्याची_भाकरी

चोपडेकर दादा, तुमचा मान ठेवून सांगते, हे उदाहरण इथे लागू होत नाही. शेअर आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेअर कपाटात ठेवला तर त्याला काही करावं लागत नाही. विप्रोच्या शेअरवर बोनस शेअर मिळाले, २०१७ ला एकास एक, २०१९ ला तीन शेअरला एक, २०२४ ला परत एकास एक, आणि धरणारा झोपलेला असतो. नोकरीत झोपलेल्या माणसाला कोण बोनस देतं? माझी बारा वर्षं टेस्टिंगमध्ये गेली, त्यातली पाच एकाच क्लायंटच्या एकाच जुन्या सिस्टिमवर, "तू आहेस म्हणून चाललंय" असं सगळे म्हणायचे आणि मलाही बरं वाटायचं. क्लायंटने ती सिस्टिम बंद केली आणि माझ्या पाच वर्षांची बाजारात किंमत कळली. चौतिसाव्या वर्षी पोरीला आईजवळ यावलला ठेवून मी ऑटोमेशन शिकले, सकाळी पाचला उठून. त्या आठ महिन्यांत मी तिला किती वेळा बघितलं ते मला तोंडपाठ आहे.

म्हणून बोरीकाठ, "धरून राहा" हे ऐकू नकोस. कंपनी वेगळी निघो वा न निघो, तू टेपवरचे बॅकअप आणि जुन्या स्टोरेजवर बसलायस की क्लाउडवर? ते आधी सांग. बिल्ला कुठला हे मी दुसऱ्या नंबरवर धरेन.

चोपडेकर

ताई, बोलणं पटलं. पण माझं म्हणणं एवढंच होतं की घाबरून उडी मारू नये. १५ दिवसांत घाबरून पकडलेली नोकरी पुढे दोन वर्षं छळते, हे मी घरात बघितलंय, धाकट्या भावाचं.

कळण्याची_भाकरी

हे मात्र एकदम खरं दादा.

पानसुपारी

अमळनेरच्या शेअरचा विषय निघालाच आहे तर. माझ्या आजोबांकडे होते. किती ते नक्की कोणाला माहीत नाही, पण आत्याच्या लग्नात विकले. आत्या आता सत्तरीची आहे. घरात कुठल्याही लग्नाचा खर्च निघाला की कोणीतरी आत्याकडे बघतं आणि ती म्हणते, "माझ्याएवढं महाग लग्न खान्देशात कोणाचं झालं नाही." आणि हे ती मोठ्या मानाने सांगते. आजोबांनीही शेवटपर्यंत एकदासुद्धा हळहळ केली नाही, पोरगी चांगल्या घरी गेली म्हणायचे.

शेवभाजी_जळगाव

आत्याबाईंना साष्टांग नमस्कार सांगा.

केळीबाग_रावेर

एवढी घालमेल करण्यापेक्षा गावाकडे या की. मी सात वर्षं हिंजवडीत काढली, आता वडिलांसोबत नऊ एकर केळी बघतो. रात्री दोनला फोन येत नाही.

पानसुपारी

रात्री दोनला लाइट येते ना पण मोटार चालू करायला?

केळीबाग_रावेर

ती येते 😀 उठावं लागतंच. आणि जूनमध्ये वादळ आलं की एका रात्रीत बाग आडवी होते हेही सांगतो, नाहीतर कोणी माझ्या भरवशावर राजीनामा द्यायचा. माझ्याकडे जमीन होती, वडील धडधाकट होते, म्हणून जमलं. बोरीकाठचे वडील बायपासवाले आहेत, त्याने मेडिक्लेम सोडून येऊ नये. माझं पहिलं वाक्य मागे घेतो.

यावलकरीण

मी पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे, त्यातली पाच या अशाच कामात, विभाग इकडून तिकडे नेण्याच्या. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिलं म्हणजे "सही नाही तर राजीनामा समजू" या वाक्याला घाबरू नका. माणूस म्हणजे खुर्ची-टेबल नाही. त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या मालकाकडे पाठवता येत नाही हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानलेलं आहे. याचा अर्थ भांडायला जा असा नाही. अर्थ एवढाच की तुमच्या सहीला किंमत आहे, म्हणून सही करण्याआधी प्रश्न विचारा आणि एचआरकडून उत्तर मागा.

दुसरं, पत्रात "सेवा सलग धरली जाईल" असं स्पष्ट वाक्य हवं, मूळ रुजू तारखेसकट. यावर ग्रॅच्युइटी अवलंबून आहे. ग्रॅच्युइटीचा हिशोब ढोबळमानाने शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे बोरीकाठ यांचा बेसिक समजा ४० हजार असेल तर सहा वर्षं आठ महिन्यांची सात वर्षं होतात आणि रक्कम १ लाख ६१ हजारांच्या आसपास येते. यांची पाच वर्षं झालीत, त्यामुळे सेवा तोडली तरी हे पैसे जुन्या कंपनीला द्यावेच लागतील. खरा फटका कोणाला? टीममधल्या तीन-चार वर्षंवाल्यांना. त्यांचं घड्याळ शून्यावर गेलं तर पुन्हा पाच वर्षं. ही पोरं विचारत नाहीत, त्यांना माहीतच नसतं. तुम्ही सीनियर आहात, तुम्ही विचारा.

पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) तोच ठेवा, खातं ट्रान्सफर करा, पैसे काढू नका. कोणी सांगेल की नवीन नोकरी म्हणजे पीएफ काढायची संधी आहे, त्याचं ऐकू नका. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर कर लागतो आणि दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनचा हक्क मिळत नाही. ट्रान्सफर केलं की जुनी वर्षं धरली जातात.

मेडिक्लेम. हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा सविस्तर. ग्रुप पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, कंपनी बदलली की पॉलिसी बदलते. तीन गोष्टी विचारायच्या: आईवडील नव्या पॉलिसीत आहेत का, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत का, आणि ३१ मार्चच्या रात्री जुनी संपून १ एप्रिलच्या सकाळी नवी सुरू होते का, की मध्ये फट आहे. माझ्यासमोर एकदा अकरा दिवसांची फट राहिली होती. त्या अकरा दिवसांत एका मुलाच्या आईला ॲडमिट करावं लागलं. आम्ही नंतर धावपळ करून कंपनीकडून पैसे मिळवून दिले, पण त्या मुलाचा त्या रात्रीचा फोन मी विसरले नाही. तेव्हापासून मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

शिल्लक रजा, व्हेरिएबल पे (कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणारा पगाराचा भाग), नाइट शिफ्टचा भत्ता, नोटीस पिरियड हेही बघा. "पगार तोच" असं लिहितात आणि शिफ्टचा भत्ता पगारात मोजलेला नसतो. नोटीस पिरियड साठचा नव्वद झालाय का हेही.

बोरीकाठ

ताई, काय बोलू. पत्र काढून पुन्हा वाचलं. सेवा सलग वगैरे काही नाही. नोटीस पिरियड नव्वद आहे, आत्ता साठ आहे. शिफ्ट भत्त्याचा उल्लेखच नाही. आमच्या टीमच्या ग्रुपवर तुमची पोस्ट टाकली तर तीन वर्षं झालेला धरणगावचा एक मुलगा आहे, त्याचा लगेच फोन आला, दादा मी तर परवाच सही केली.

यावलकरीण

त्याला सांगा घाबरू नको. ईमेल करून विचारायचं, "माझी मूळ रुजू तारीख कायम राहील हे कृपया लेखी कळवावे." सही झाल्यावरही विचारता येतं. आणि सगळ्यांनी मिळून एकच ईमेल केला तर उत्तर लवकर येतं.

धुळ्याची_सून

मी आयटीत नाही, नवरा आहे. सर्व्हिसेसमध्येच, नेटवर्क. कोणी बायकांची बाजू लिहीत नाही म्हणून लिहिते.

२०२० ला लॉकडाऊनमध्ये आम्ही धुळ्याला आलो आणि घरातल्यांना पहिल्यांदा कळलं की हा काम काय करतो. सासूबाई रात्री पाण्याला उठायच्या तर हा हेडफोन लावून इंग्रजीत बोलतोय, समोर स्क्रीनवर लाल दिवे. त्यांनी मला सकाळी विचारलं, "हाई कसानं काम शे? रातभर कोणशी भांडस तो?" मी सांगितलं की तिकडे अमेरिकेत दुकान उघडं आहे आणि त्यांचं मशीन बंद पडलंय. त्या म्हणाल्या मग त्यांच्या गावात दुरुस्तीवाला नाही का. आता यावर काय सांगायचं, धंदा सगळा यावरच तर उभा आहे, की तिकडच्यापेक्षा इकडचा माणूस स्वस्त.

पण त्या दिवसानंतर त्याच्या झोपेच्या वेळी घरात कुकर लागत नाही. सासूबाई स्वतः लक्ष ठेवतात. आधी नातेवाईकांना वाटायचं दिवसा झोपतो म्हणजे नोकरी गेली असेल.

बोरीकाठ दादा, नव्या कंपनीत शिफ्ट बदलणार आहे का हेही विचारा. पगाराचं आपण सगळे विचारतो, झोपेचं कोणी विचारत नाही.

तापीकाठ

ताई, हा प्रश्न मला वीस वर्षांपूर्वी सुचायला हवा होता.

नंदुरबार_एक्स्प्रेस

किंड्रिलचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण बोरीकाठचं प्रकरण त्याच्या सगळ्यात जवळचं आहे, सर्व्हर-स्टोरेज-बॅकअपवालं. आयबीएमने नोव्हेंबर २०२१ ला आपला इन्फ्रास्ट्रक्चर सर्व्हिसेसचा विभाग वेगळा काढला, तोच किंड्रिल. नव्वद हजारांच्या आसपास माणसं एकदम. शेअर पहिल्या वर्षातच निम्म्याच्या खाली गेला होता, सगळे म्हणत होते नकोसा झालेला भाग ढकलून दिला.

वेगळा का काढतात ते समजून घे. या कामात नफ्याचं प्रमाण कमी आणि माणसं, मशीन, डेटा सेंटर यात पैसा फार अडकतो. वरच्यांना सॉफ्टवेअर, क्लाउड, एआय यात पैसा लावायचा असतो. पण दुसरी बाजू पण आहे. आयबीएमच्या पोटात असताना हाच विभाग अमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं काम मोकळेपणाने घेऊ शकत नव्हता, कारण आयबीएमचं स्वतःचं क्लाउड होतं. वेगळं झाल्यावर दोनच आठवड्यांत मायक्रोसॉफ्टबरोबर करार जाहीर केला. तुमचंही बघ. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांनी आजवर तुमच्या विभागाला काम दिलं असतं का? आपला डेटा वैऱ्याच्या घरी कोण ठेवेल. उद्या देऊ शकतील.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे डबा कापल्यावर नव्या रुळावर पण जाता येतं. छान.

अवांतर: आसोद्याची वांगी बाजारात आलीत. या धाग्यातले जे जळगाव-भुसावळकडे असतील त्यांनी एका रविवारी शेतात भरीत पार्टी करायची का? काड्यांच्या जाळावर भाजू, कळण्याच्या भाकरी कोणीतरी आणा.

शेवभाजी_जळगाव

मी तयार. ठेचा माझ्याकडे.

केळीबाग_रावेर

केळीची पानं माझ्याकडून, हवी तितकी.

कळण्याची_भाकरी

भाकरी मीच आणणार हे नावावरून ठरलंच म्हणायचं. आता विषयावर या. बोरीकाठ, क्लाउडचं उत्तर दिलं नाहीस.

बोरीकाठ

ताई, उत्तर द्यायला लाज वाटत नव्हती पण वेळ लागला कारण आधी स्वतःलाच विचारावं लागलं. साठ टक्के जुनं, टेप आणि डेटा सेंटरमधलं. क्लाउडचं काम टीममधल्या दोघांकडे आहे, मी बघून थोडं शिकलोय.

आता नऊ दिवसांनी परत आलोय तर सगळं सांगतो.

आम्ही सत्तावीस जणांनी मिळून एक ईमेल केला, यावलकरीण ताईंच्या पोस्टमधले प्रश्न जवळजवळ तसेच. पहिलं उत्तर आलं ते गोलमोल होतं. दुसऱ्यांदा लिहिलं. मग परवा एचआरने आमच्या टीमसाठी वेगळा कॉल लावला आणि काल सुधारलेलं पत्र आलं.

मूळ रुजू तारीख कायम, हे आता एका वाक्यात लिहून आलंय आणि ज्यांनी आधी सही केली होती त्यांनाही तसंच पत्र मिळणार. मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत आणि मध्ये एका दिवसाचीही फट नाही. मी कॉलवर तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्या बाई म्हणाल्या सर मी तुम्हाला पॉलिसीचा कागदच पाठवते, आणि पाठवला. आप्पांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. इंग्रजी आहे, शब्द अडले तिथे मला विचारलं.

शिफ्ट भत्ता तोच राहील असं लिहून दिलंय, पण फक्त वर्षभरासाठी. नोटीस पिरियड नव्वदच, त्यावर हलले नाहीत. शिफ्टबद्दल विचारलं तर "प्रोजेक्टप्रमाणे" एवढंच. धुळ्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

जुना_प्रोग्रामर काका, करार पाच वर्षांचा आहे. कमीत कमी कामाचा आकडा आहे पण पहिल्या तीन वर्षांसाठी, रक्कम सांगितली नाही. बाहेरच्या क्लायंटचे करार नव्या कंपनीच्या नावावर करायला त्यांची परवानगी लागते, तीसपैकी एकोणीस जणांनी दिलीये, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

जुना_प्रोग्रामर

तीन वर्षं म्हणजे इंजिन आहे, डिझेल मोजकं आहे. उरलेले अकरा क्लायंट कुठले ते माहीत करून घे. तुझं काम त्या अकरातल्या कोणाचं असेल तर आत्ताच हालचाल कर.

बोरीकाठ

त्यातल्या दोघांचं काम माझ्याकडे आहे काका. म्हणून मॅनेजरला भेटून क्लाउड बॅकअपच्या टीममध्ये बदली मागितली. जूनपासून अर्धा वेळ देतो म्हणालाय, ते मी ईमेलवर लिहून घेतलंय. रोज सकाळी सहा ते आठ शिकायला बसतोय, कळण्याची_भाकरी ताई, तुमचं ते पाच वाजताचं वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आज सही केली. तेरावा दिवस. सोबत दोन ठिकाणी अर्जही करून ठेवलेत, पण आता घाबरून नाही.

आप्पांना सांगितलं की विकलं नाही, आमच्या विभागाचा मालक बदलला, काम तेच आहे आणि माझी सात वर्षं पुसली गेली नाहीत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, जिल्हा परिषदेत असताना माझ्या अकरा बदल्या झाल्या, दर वेळी सर्व्हिस बुक आधी हातात घ्यायचो, सामान नंतर बांधायचो.

यावलकरीण

आप्पांना माझा नमस्कार सांगा. आणि त्या धरणगावच्या मुलाला सुधारलेलं पत्र हातात पडलं की त्याची प्रत ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नको म्हणावं. १ एप्रिलला ईमेल आयडी बदलेल, जुना मेलबॉक्स कधी बंद होईल सांगता येत नाही. स्वतःच्या ईमेलवर घे आणि एक छापून घरी ठेव.

बोरीकाठ

आत्ताच फोन केला त्याला. उद्या छापून घेतो म्हणाला.

भुसावळ_जंक्शन

चला. मग रविवारी वांगी किती किलो आणायची ते सांगा.